एक्सेलची ‘फोरकास्ट शीट’: नागपूरच्या कूलर दुकानाला कितपत कामाची?

नागपुरात कूलरचा माल जानेवारी-फेब्रुवारीत उचलावा लागतो आणि विकला जातो मार्चपासून नवतपा (मेअखेरपासूनचे नऊ कडक उन्हाचे दिवस) संपेपर्यंत. जास्त उचलला तर पत्र्याचे डबे पुढचा उन्हाळा येईपर्यंत गोदामात भांडवल अडवून बसतात. कमी उचलला तर ऐन मे महिन्यात गिऱ्हाईक शेजारच्या काउंटरवर जातं. ‘यंदा किती?’ याचं उत्तर बहुतेक दुकानांत गेल्या वर्षीच्या आकड्यावर दहा-पंधरा टक्के चढवून काढलं जातं. एक्सेलमध्ये २०१६च्या आवृत्तीपासून याच कामासाठी एक बटण आहे: डेटा टॅबमधलं ‘फोरकास्ट शीट’. एक्सेल असेल तर वेगळे पैसे लागत नाहीत. तारीख आणि विक्री असे दोन कॉलम निवडले की पुढच्या वर्षाचा आलेख आणि आकड्यांचा तक्ता तयार.

मत आधीच सांगून टाकू. बटण चांगलं आहे, आतलं गणित जुनं आणि पारखलेलं आहे. पण त्याला दोन गोष्टी कळत नाहीत. धंदा वाढला की हंगामाचा चढउतारही त्याच पटीत वाढतो, ही एक. आपले सण इंग्रजी महिन्याला बांधलेले नसतात, ही दुसरी. दोन्हींवर इलाज आहेत. ते न करता बटण दाबणाऱ्यापेक्षा पंधरा टक्के चढवणारा शेजारीच बरा अंदाज करेल.

आतलं यंत्र थोडक्यात. महिन्याच्या विक्रीसारखे समान अंतरानं नोंदलेले आकडे म्हणजे कालश्रेणी. फोरकास्ट शीट त्यातून तीन गोष्टी वेगळ्या काढते: सध्याची पातळी, वर किंवा खाली जाण्याचा कल, आणि दरवर्षी परत येणारा हंगाम. पद्धत एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगची. होल्ट यांनी १९५७ मध्ये ती मांडली आणि विंटर्स यांनी १९६० मध्ये विक्रीच्या अंदाजासाठी पुढे नेली, म्हणून तिला होल्ट-विंटर्सही म्हणतात. ताज्या आकड्याला सगळ्यांत जास्त वजन, मागे जावं तसं ते उतरत जातं. पातळीसाठी हे वजन ठरवणारा आकडा म्हणजे अल्फा. तो ०.३ असेल तर शेवटच्या महिन्याला ०.३, त्याआधीच्याला ०.२१, त्याहून आधीच्याला ०.१४७. कलासाठी बीटा, हंगामासाठी गॅमा. तिन्ही किमती एक्सेल स्वतः ठरवतं. ऑप्शन्समध्ये ‘इन्क्लूड फोरकास्ट स्टॅटिस्टिक्स’वर खूण केली की त्या दिसतात. अल्फा १च्या जवळ गेलेला दिसला तर सावध व्हावं: आकड्यांत पक्की घडी सापडलेली नाही, गणित नुसतं शेवटच्या महिन्यामागे धावतंय.

बटण दाबायच्या आधी

सगळा वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये सेल्स रजिस्टर उघडलं की महिन्यांच्या बेरजा समोर येतात, ऑल्ट+ई दाबून त्या एक्सेलमध्ये जातात. पण त्या बेरजा रुपयांत असतात. रुपये वापरू नका. पत्रा किंवा मोटर महागली म्हणून कूलरची किंमत चढली, तर तीच चढण एक्सेलला ‘वाढता कल’ वाटते आणि पुढच्या वर्षी ते जास्त नग सुचवतं. स्टॉक समरीतून त्या वस्तूच्या महिनावार सारांशात गेलं की ‘आउटवर्ड्स’खाली नग मिळतात, ते घ्यावेत. क्रेडिट नोटवर परत आलेले नग त्यातून वजा करावेत. घरगुती कूलर, मोठे डक्ट कूलर आणि सुटा माल (पंप, मोटर, वुडवूल, खस) यांच्या याद्या वेगळ्या. वुडवूलचा भर कूलरच्या आधी येतो, कारण जुना कूलर काढून गवत बदलणं हे मार्चच्या सुरुवातीचं काम. दोन्ही एकत्र केले तर हंगामाचा आकार बिघडतो.

वसतिगृह, मंगल कार्यालय किंवा सरकारी कार्यालयाची एकगठ्ठा ऑर्डर यादीतून काढून वेगळ्या कॉलमात ठेवा. एका एप्रिलमध्ये टेंडरचे ६० नग गेले असतील तर पुढच्या प्रत्येक एप्रिलमध्ये त्यांची सावली दिसत राहते. टेंडरचा अंदाज टेंडर भरणारा माणूस करतो, ते गणिताचं काम नाही.

सगळ्यांत जास्त दुर्लक्षित चूक: विक्री म्हणजे मागणी नव्हे. समजा मे महिन्यात पहिल्या २० दिवसांत ३०० नग गेले आणि माल संपला. टॅलीत मेची विक्री ३०० दिसते. रोजचे १५ धरले तर ३१ दिवसांची मागणी ४६५ होते. एक्सेलला ३०० दिले की पुढच्या वर्षीही तुमचा माल २० तारखेलाच संपेल आणि अंदाज बरोबर ठरल्यासारखा वाटेल. माल संपल्याची तारीख कुठेतरी लिहून ठेवणं एवढाच यावर उपाय. मात्र डोळे मिटून ३१नं गुणू नये. शेवटचे अकरा दिवस पावसाचे गेले असतील तर ४६५ हा फुगलेला आकडा आहे.

मागे किती जायचं? एक्सेलला वर्षाचा हंगाम ओळखायला किमान दोन पूर्ण वर्षं लागतात, चार असली तर उत्तम. पण २०२०चा उन्हाळा २५ मार्चच्या टाळेबंदीत गेला, आणि २०२१ मध्येही नागपुरात १५ ते २१ मार्च टाळेबंदी होती, एप्रिलपासून पुन्हा राज्यभर निर्बंध आले. हे दोन उन्हाळे दुकान बंद असल्याची नोंद आहेत, मागणीची नाही. ते तसेच ठेवले तर हंगामाचा डोंगर बसका होतो. सरळ जानेवारी २०२२ पासून डिसेंबर २०२५ पर्यंतच्या ४८ ओळी घ्याव्यात. आकडे कमी होतील ही भीती नको. वाईट आठ वर्षांपेक्षा साफ चार वर्षं बरी.

आता तारखा. टॅलीच्या फाइलमध्ये ‘एप्रिल’, ‘मे’ असे नुसते शब्द येतात, एक्सेलला खरी तारीख हवी. प्रत्येक महिन्याची १ तारीख लिहा. पहिल्या दोन लिहून खाली ओढलं की बाकीच्या भरतात. तारीख खरी असेल तर खान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर असेल तर डावीकडे. संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची असेल तर ०१-०४-२०२२ ही तारीख ४ जानेवारी होते, आणि वर्षाचे बारा महिने जानेवारीच्या पहिल्या बारा दिवसांत जाऊन बसतात. मग ‘#नम!’ अशी चूक येते आणि लोक सूत्रात दोष शोधत बसतात. दोष कंट्रोल पॅनेलमध्ये असतो. तिथे ‘इंग्लिश (इंडिया)’ करा आणि तारखा नव्यानं भरा.

एक सापळा रोजच्या बिलांचा. काही जण महिन्याची बेरीज न करता बिलांची आख्खी यादीच निवडतात. एकाच तारखेच्या अनेक ओळी आल्या की फोरकास्ट शीट मूळ सेटिंगनुसार त्यांची सरासरी घेते, बेरीज नाही. म्हणजे दिवसाची विक्री नव्हे, तर सरासरी बिल किती हे कळतं. ‘ॲग्रिगेट डुप्लिकेट्स युझिंग’मध्ये ‘सम’ निवडावं लागतं. शिवाय आठवड्याची सुट्टी. गहाळ दिवस ३० टक्क्यांपर्यंत असतील तर एक्सेल आजूबाजूच्या आकड्यांवरून ते गुपचूप भरून काढतं. सातातला एक दिवस म्हणजे जेमतेम १४ टक्के, त्यामुळे कुठलीही तक्रार न करता बंद दुकानातही विक्री झाली असं धरलं जातं. ‘फिल मिसिंग पॉइंट्स युझिंग’मध्ये ‘झीरोज’ हा पर्याय आहे. पण खरं सांगायचं तर कूलरसाठी रोजचे आकडे घ्यायचं कारणच नाही. ही पद्धत एका वेळी एकच हंगाम धरते: आठवड्याचा ७ किंवा वर्षाचा ३६५, दोन्ही नाही.

बटण दाबल्यावर

दोन्ही कॉलम शीर्षकासकट निवडा, डेटा, फोरकास्ट शीट, ऑप्शन्स. हंगाम एक्सेलला ओळखू देऊ नका. ‘सेट मॅन्युअली’ करून १२ लिहा. आपोआप ओळखताना कधी ६ निघतो, कधी हंगामच नाही असं ठरतं आणि सरळ रेघ मिळते. शेवटची तारीख पुढच्या जूनपर्यंत पुरे. त्यापुढे अंदाजाच्या खालच्या आणि वरच्या मर्यादेमधला पट्टा इतका रुंदावतो की आकड्याला अर्थ उरत नाही.

नवी शीट येते त्यात पाच कॉलम: तारीख, विक्री, अंदाज, खालची मर्यादा, वरची मर्यादा. शेवटच्या खऱ्या महिन्याच्या ओळीत अंदाज आणि दोन्ही मर्यादा म्हणून खरा आकडाच पुन्हा लिहिलेला असतो. आलेखाच्या रेघा जुळाव्यात म्हणून ही सोय आहे. अंदाजाच्या कॉलमची बेरीज करताना ती ओळ धरली तर डिसेंबर दोनदा मोजला जातो.

बटणाबद्दलची खरी तक्रार इथे आहे: ही शीट जिवंत नाही. मूळ यादीत जानेवारीचा आकडा टाकला तरी अंदाज हलत नाही, कारण शीटमध्ये जुन्या आकड्यांची नक्कल असते. दर महिन्याला बटण पुन्हा दाबा आणि शीटांचा ढीग जमवा, नाहीतर ‘फोरकास्ट.ईटीएस’ हे सूत्र स्वतः लिहा. सूत्रात क्रमानं हवी असलेली तारीख, विक्रीचा कॉलम, तारखांचा कॉलम आणि १२ एवढं दिलं की पुरतं. मर्यादेसाठी ‘फोरकास्ट.ईटीएस.कॉनफिंट’. दोन-तीनदा बटण वापरून झालं की सूत्रांवर यावं. बटण हे शिकण्यापुरतं.

बेरीज की गुणाकार

मुख्य दोष हा. फोरकास्ट शीटमध्ये होल्ट-विंटर्सची बेरजेची आवृत्तीच आहे. म्हणजे ‘मे महिन्यात सरासरीपेक्षा इतके नग जास्त’ असं ती शिकते, ‘सरासरीच्या इतके पट’ असं नाही.

आकड्यांत पाहू. समजा दुकानाची महिन्याची सरासरी १०० नग. मे मध्ये ४००, ऑगस्टमध्ये १०. बेरजेची पद्धत मे साठी अधिक ३०० आणि ऑगस्टसाठी उणे ९० लक्षात ठेवते. धंदा वाढून सरासरी १५० झाली. तिचा अंदाज: मे ४५०, ऑगस्ट ६०. दुकानात खरं काय होतं? धंदा दीडपट, तर मेही दीडपट म्हणजे ६००, ऑगस्ट १५. मे मध्ये १५० नग कमी आणि पावसाळ्यात ४५ नग जास्त, दोन्ही बाजूंनी नुकसान. उलट धंदा बसून सरासरी ८० वर आली तर ऑगस्टचा अंदाज येतो उणे १०. नागपुरात पावसाळ्यात लोक कूलर झाकून ठेवतात हे खरं, पण दुकानात परत आणून देत नाहीत.

गॅमा हळूहळू हे सुधारतो, पण दर मे महिना वर्षातून एकदाच येत असल्यानं सुधारायला वर्षं जातात. हा आजार कूलरपुरता नाही. बॉक्स आणि जेन्किन्स या संख्याशास्त्रज्ञांनी ज्या विमान प्रवाशांच्या आकड्यांवर आपली पद्धत दाखवली (१९४९ ते १९६०, एकूण १४४ महिने), त्यातही प्रवासी वाढले तसे उन्हाळ्याचे शिखर उंच होत गेले. त्यांनी आधी लॉगरिदम घेतला. एक्सेलमध्येही तेच करता येतं. विक्रीच्या शेजारी लॉग काढणाऱ्या ‘एलएन’ सूत्राचा कॉलम करा, फोरकास्ट शीट त्या कॉलमवर चालवा, आणि आलेला अंदाज व दोन्ही मर्यादा ‘ईएक्सपी’ सूत्रानं परत नगांत आणा. लॉगमधली बेरीज म्हणजे मूळ आकड्यांतला गुणाकार, त्यामुळे बेरजेचीच पद्धत आता पटीनं शिकते. उणे आकडा येऊच शकत नाही.

यात दोन बारकावे. एखाद्या महिन्यात विक्री ० असेल तर लॉग निघत नाही; सगळ्याच आकड्यांत १ मिळवून लॉग घ्या आणि शेवटी १ वजा करा. दुसरं, परत आणलेला अंदाज हा मधला आकडा असतो, म्हणजे खरी विक्री निम्म्या वेळा त्याच्या वर, निम्म्या वेळा खाली. सरासरी त्याहून थोडी जास्त असते. लॉगमधल्या चुकांचं प्रमाण विचलन (चुका किती पसरल्यात याचं माप) ०.३ असेल तर ०.३चा वर्ग ०.०९, त्याचा अर्धा ०.०४५, आणि त्याचा ‘ईएक्सपी’ १.०४६, म्हणजे हंगामाच्या एकूण खरेदीसाठी अंदाज साधारण साडेचार टक्के वर घ्यावा.

हा खटाटोप नको असेल तर फुकटातला लिब्रे ऑफिसचा कॅल्क आहे. त्यात बटण नाही, पण ‘फोरकास्ट.ईटीएस.मल्ट’ असं गुणाकाराचं सूत्र आयतं आहे, ५.२ आवृत्तीपासून. बेरजेसाठी वेगळं ‘फोरकास्ट.ईटीएस.ॲड’. पट्ट्यासाठी ‘फोरकास्ट.ईटीएस.पीआय.मल्ट’. हे शेवटचं सूत्र १००० वेळा आकडे हलवून पाहून पट्टा काढतं, म्हणून फाइल पुन्हा गणली की तो थोडा बदलतो. घाबरू नये, बिघाड नाही. या एका बाबतीत फुकटचा माल विकतच्यापेक्षा सरस आहे.

पट्ट्याबद्दल

मूळ सेटिंग ९५ टक्क्यांची असते, म्हणजे शंभरातल्या ९५ वेळा खरा आकडा आत पडावा एवढा पट्टा. त्या पट्ट्याची वरची कड पाहून माल मागवला तर भांडवल संपेल, खालची पाहून मागवला तर गिऱ्हाईक जाईल. खरेदीसाठी ८० टक्के ठेवा. जो कूलर पुढच्या वर्षीही त्याच किमतीत विकला जातो त्याची मागणी पट्ट्याच्या वरच्या भागात धरा. ज्याचं मॉडेल बदलतं त्याची मध्याच्या खाली. मार्च, एप्रिल, मे या तिन्ही महिन्यांच्या वरच्या कडांची बेरीज म्हणजे हंगामाची वरची कड नव्हे, कारण तिन्ही महिने एकाच वेळी कमालीचे जाणं दुर्मिळ. शिवाय हा पट्टा गणिताच्या मते एवढाच रुंद. त्यात हवामान नाही. २०२५ मध्ये मान्सून केरळात २४ मे रोजीच पोचला; अशा मेची चाहूल त्याआधीच्या विक्रीत कुठेच नसते. हवामान विभाग उन्हाळ्यापूर्वी जो हंगामी अंदाज देतो तो पाहून पट्ट्याच्या कुठल्या भागात उभं राहायचं ते ठरवावं, पट्टा खोडू नये.

दिवाळी कुठल्या महिन्यात?

कूलरवाल्यानं हा भाग सोडला तरी चालेल. इतवारीतला सराफ, गांधीबागेतला कापडवाला, मिठाईवाला यांनी सोडू नये. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला होतं. एक्सेलच्या लेखी ऑक्टोबर म्हणजे ऑक्टोबर. तीन वर्षं ऑक्टोबर चढा आणि एक वर्ष नोव्हेंबर चढा पाहून ते दिवाळी दोन्ही महिन्यांत अर्धवट वाटून टाकतं. शिवाय त्या एका नोव्हेंबरला अपघात समजून पट्टा रुंद करतं.

इलाज असा. लक्ष्मीपूजनासकट आधीचे १५ दिवस खरेदीचे धरा आणि त्यातले किती कुठल्या महिन्यात पडतात ते लिहा. २०२२: १५ पैकी १५ ऑक्टोबरात. २०२३: ३ ऑक्टोबरात, १२ नोव्हेंबरात. २०२४: दिवाळी नोव्हेंबरात असूनही १४ ऑक्टोबरात, १ नोव्हेंबरात. २०२५: १५ ऑक्टोबरात. आता दिवाळीच्या त्या १५ दिवसांची नेहमीपेक्षा जास्तीची विक्री बिलांवरून काढा, ती दोन्ही महिन्यांतून वजा करा, उरलेल्या साध्या विक्रीवर फोरकास्ट शीट चालवा आणि दिवाळीची जास्तीची विक्री शेवटी हातानं परत टाका. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे: ७ दिवस ऑक्टोबरात, ८ नोव्हेंबरात. म्हणजे जवळजवळ निम्मं-निम्मं, जे मागच्या चार वर्षांत एकदाही झालेलं नाही. दसऱ्याचंही असंच, दीक्षाभूमीच्या गर्दीवर ज्यांची विक्री उभी आहे त्यांनी २०२३चा २४ ऑक्टोबर आणि २०२५चा २ ऑक्टोबर एकाच खान्यात टाकण्याआधी थांबावं.

पारख

विश्वास ठेवण्याआधी मागच्या हंगामावर चालवून पाहा. ऑप्शन्समध्ये ‘फोरकास्ट स्टार्ट’ मागची तारीख दिली की एक्सेल त्यापुढचे आकडे वापरत नाही. तारीख कुठली द्यायची? ज्या दिवशी तुम्ही ऑर्डर देता ती. जानेवारीत माल बुक करणाऱ्यानं १ जानेवारी २०२५ द्यावी, एप्रिल नव्हे. एप्रिलमध्ये बसून मेचा अंदाज बरोबर आला तरी त्याचा उपयोग नाही.

मग तुलना ‘गेल्या वर्षी याच महिन्यात जेवढे गेले तेवढेच’ या सर्वांत साध्या अंदाजाशी. समजा मार्च, एप्रिल, मे ची खरी विक्री २१०, ३८०, ४२०. फोरकास्ट शीट म्हणाली होती १९०, ३४०, ४६०. गेल्या वर्षी गेले होते १७०, ३५०, ४००. महिन्यागणिक चुका मोजल्या तर एक्सेलच्या २०, ४०, ४० मिळून १००. साध्या अंदाजाच्या ४०, ३०, २० मिळून ९०. साधा जिंकला. पण हंगामाची बेरीज घेतली तर खरी १०१०, एक्सेलची ९९०, साध्याची ९२०. इथे एक्सेल २०नं चुकलं, साधा ९०नं. कोण बरोबर? कारखान्यातून सगळा माल एकदम उचलत असाल तर एक्सेल. दर पंधरवड्याला ट्रक मागवत असाल तर साधा. चूक कशी मोजायची हे तुमच्या खरेदीच्या पद्धतीवर ठरतं, आणि शीटमध्ये छापून येणाऱ्या ‘एमएएसई’, ‘एमएई’ वगैरे चुकीच्या मापांना तुमचा ट्रक माहीत नसतो.

कुठे वापरू नये

भावांवर. नागपूरच्या कळमना बाजारातले संत्र्याचे भाव आणि आवक ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर तारीखवार मिळतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव. ते उतरवून बटण दाबण्याचा मोह होतो. आंबिया बहाराचा माल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराचा फेब्रुवारी ते एप्रिल. मधले महिने जवळजवळ रिकामे. बारातले सहाच्या आसपास महिने म्हणजे ३० टक्क्यांची मर्यादा ओलांडलीच. आणि मर्यादेत बसलं तरी एक्सेल काय करणार, तर बाजारात नसलेल्या संत्र्याचा भाव आजूबाजूच्या महिन्यांवरून भरणार. वर झाड एक वर्ष लदबदतं, एक वर्ष हलकं धरतं; १२ महिन्यांच्या हंगामात हे दोन वर्षांचं चक्र बसत नाही.

इतवारीतल्या तूर-चण्याच्या भावाचं दुखणं वेगळं. तिथे हंगाम थोडा आणि भटकंती फार: उद्याचा भाव म्हणजे आजचा भाव अधिक एक धक्का, ज्याचा अंदाज मागच्या आकड्यांतून येत नाही. अशा मालिकेवर ‘उद्याही आजचाच भाव’ या अंदाजाला हरवणं भल्याभल्यांना जमत नाही. फोरकास्ट शीट मात्र शेवटचे काही महिने चढते असतील तर ती चढण सरळ रेघेत पुढे ओढते, आणि साठा करणाऱ्याला हवं तेच चित्र दाखवते. आवकेवर वापरा, भावावर नको.

पुढची पायरी: ग्रेटल

दिवाळीचा कॉलम गणितातच घालायचा असेल तर एक्सेल पुरत नाही. ग्रेटल हे फुकट, मेन्यूवर चालणारं अर्थमितीचं (आर्थिक आकड्यांच्या संख्याशास्त्राचं) सॉफ्टवेअर त्यासाठी घ्यावं. फाइल उघडताना कॉलमची नावं रोमन अक्षरांत, मोकळ्या जागा न ठेवता. ‘डेटा’मधून ‘डेटासेट स्ट्रक्चर’, तिथे टाइम सिरीज, मंथली, सुरुवात २०२२:०१. विक्रीचा लॉग ‘ॲड’ मेन्यूतून. ‘मॉडेल’मधल्या टाइम सिरीज विभागात एरिमा (मागचे आकडे आणि मागच्या चुका यांवरून अंदाज बांधणारं मॉडेल) निवडून साध्या भागासाठी ०,१,१ आणि हंगामी भागासाठीही ०,१,१ द्या, विमान प्रवाशांवर बसवलेलं तेच गणित. खालच्या रकान्यात ‘दिवाळीचे किती दिवस या महिन्यात’ हा कॉलम घाला. पुढच्या महिन्यांच्या ओळी ‘ॲड ऑब्झर्वेशन्स’नं वाढवून त्यात दिवाळीचे दिवस आधी भरावे लागतात, नाहीतर अंदाज निघत नाही. तिथी पंचांगात आधीच छापलेली असल्यानं हे जमतं. तापमानाचा कॉलम घातला तर मात्र मेचं तापमान जानेवारीत कुठून आणणार, हा प्रश्न उरतो.

तरी एक गोष्ट ग्रेटललाही शिकवता येत नाही. १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात लग्नं नाहीत, म्हणजे आंदणात जाणारे कूलर नाहीत. २०२२ ते २०२५ या चार वर्षांत एकच अधिक मास आला, तोही २०२३च्या पावसाळ्यात, श्रावणाला. उन्हाळ्यातल्या अधिक मासाचा एकही नमुना यादीत नसल्यानं गणित जे सांगेल ते नेहमीच्या लग्नसराईचंच. मेच्या उत्तरार्धातले आंदणाचे नग बिलांवरून वेगळे काढा, तेवढे अंदाजातून हातानं उतरवा, आणि त्यातले काही एप्रिलमध्ये टाका, कारण १७ मेच्या आतच लग्नं उरकण्याची घाई असणार.